मायचं माहेरचं नाव

रामदासपेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आईला सांगितलं, की पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. इंजेक्शनं देऊन बघू, पण वर्षभरात वाचणं सुटेल असं धरून चला. आईची सगळी हयात प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेलेली. तिनं ऐकून घेतलं, पदरानं चष्मा पुसला आणि मला म्हणाली, "चाल, ऑटो पाह्य." मी धीर द्यायला गेले नाही, कारण तसं केलं की ती चुकलेलं गणित तपासल्यासारखं तोंड करते.

संध्याकाळी चहा झाल्यावर तिनं मला समोर बसवलं.

"वर्ष हाये नं? मंग एक काम कर. मले माह्या मायचं नाव लिहिलेलं पाहाचं हाये. माहेरचं. डोळे हायेत तोवर."

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे घोळ होईल. माय म्हणजे माझ्या आईला जन्म देणारी, माझी आजी. आई अडीच-तीन वर्षांची असताना ती गेली. वर्षभरात आजोबांनी दुसरं लग्न केलं, आणि त्या दुसऱ्या बायकोनं आईला वाढवलं. तिला आई 'बाई' म्हणायची, पण अशा आवाजात म्हणायची की ऐकणाऱ्याला आईच ऐकू यावं. मायचा फोटो नाही, लुगडं नाही, काही म्हणता काही उरलेलं नाही. तिचं सासरचं नाव तेवढं ठाऊक होतं.

आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं त्यात अंगठीनं नवं नाव लिहायचं, आणि बायकांनी नवरीला म्हणायचं, वाच बरं काय लिहिलं ते. तिनं वाचलं की जुनं नाव संपलं. माझंही असंच संपवायला निघाले होते. मी तेव्हा नोकरीला लागले होते, ऑफिसात जुनंच नाव चालवलं आणि सासूबाईंनी सहा महिने तोंड फुगवलं. मायच्या वेळी असलं काही करायची सोयच नव्हती. आईच्या आजोळी फोन केला तर मामांच्या मुलानं, म्हणजे आईच्या मामेभावानं, डोकं खाजवत सांगितलं, "आमच्या घरात तर सगळे तिले ताईच म्हणत. नाव कोणी घेतलंच नाही." तिच्या सख्ख्या भाच्याला तिचं नाव माहीत नव्हतं, आणि त्याला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं.

मी त्याच वर्षी रिटायर झाले होते. कॉलेजच्या ऑफिसात बसून दाखले काढून देणं हे माझं काम. 'रेकॉर्ड जुनं आहे, सोमवारी या' हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडावर मारलं आहे की त्याची मोजदाद नाही. आता खिडकीच्या पलीकडे उभं राहायची पाळी माझी होती. केलेलं फेडायला असं कागदांच्याच दारात जावं लागेल हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझी लेक मिहानमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. ती म्हणाली, "मम्मी, आजकाल सगळं ऑनलाइन असतं." दोन-तीन रविवार खपली आणि म्हणाली, "सगळं आहे गं, आजीची माय सोडून."

मग कुणीतरी म्हणालं, तीर्थाच्या ठिकाणच्या उपाध्यांकडे घराण्याच्या वह्या असतात. मला वाटलं, असतील कुठल्या, वाळवीनं खाल्लेल्या. तरी फोन केला. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला आणि तो भला माणूस वाचायला लागला. आजोबा, त्यांचे वडील, त्यांचे वडील, असं करत करत सात पिढ्या मागे गेला. कोण कोणाला घेऊन आलं, कोणाच्या अस्थी आणल्या, सगळं. मी दुधाच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला भराभर लिहीत होते. ज्या माणसांचं अस्तित्वही मला ठाऊक नव्हतं, त्यांना कुणीतरी कोरड्या जागी जपून ठेवलं होतं. मी विचारलं, "आणि बायका?" तो म्हणाला, "ताई, लेकीसुना आम्ही फार लिहीत नाही. लिहिल्याच तर सासरच्या नावानं."

फोन ठेवला आणि मी त्या कॅलेंडरकडे पाहत बसले. सात पिढ्यांचे पुरुष ओळीनं उभे, आणि त्यांच्यापैकी एकालाही आई नव्हती.

तिथून माझ्या काटोलच्या फेऱ्या सुरू झाल्या. आजोबांचं गाव त्या तालुक्यात. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जुने शेतीचे कागद असतात, आणि कोतवाल बुकं असतात. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर द्यायचा, ती त्यात लिहिली जायची. हे मला बाहेरच्या व्हरांड्यात कळलं. तिथे रोज पन्नास माणसं उभी. कुणाच्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा, कुणाच्या पोराला नोकरीत जातपडताळणी द्यायची, आणि त्यासाठी सगळ्यांना आपापले आजे-पणजे कागदावर पाहिजे. संत्र्याच्या बागा सोडून आलेले शेतकरी, मास्तर, एसटीचे कंडक्टर, सगळे आपल्या मेलेल्या माणसांना शोधत उभे. एका गृहस्थानं मला नक्कल दाखवली. "पाहा ताई, पंजोबा भेटले," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आलेले होते. तो आला होता पुतणीच्या ॲडमिशनसाठी. मला त्या रांगेचा आधी फार कंटाळा आला होता, त्या दिवसानंतर नाही आला.

रेकॉर्ड रूमचे बाबू रिटायरमेंटला टेकलेले. जुनी पानं ते बोटानं उलटत नसत. एक जाड पोस्टकार्ड होतं त्यांच्याकडे, ते हळूच पानाखाली सरकवायचं आणि पान उचलायचं. मी सवयीनं बोट जिभेला लावलं तर माझ्यावर डाफरले.

"मॅडम, थुंकी लावू नका. हे कागद तुमच्या-माह्या बापाहून मोठे हायेत."

चाळीस वर्षं मी असंच थुंकी लावून पानं उलटली होती. मी गुपचूप पदराला बोट पुसलं.

चौथ्या फेरीत कागद सापडला. आजोबांनी शेताचा एक तुकडा बायकोच्या नावे केला होता, त्याचा. वर तिचं सासरचं नाव, पुढे 'जौजे' आणि आजोबांचं नाव. जौजे म्हणजे बायको, जुन्या कागदांतला शब्द. आणि खाली, 'निशाणी अंगठा' असं लिहून, एक अंगठा उमटवलेला.

मी काय सांगू. शाई तांबूस पडली होती, पण रेषान् रेषा दिसत होती. मधोमध एक पांढरी आडवी रेघ, घडी पडली असेल असं मला वाटलं. मला माहेरचं नाव पाहिजे होतं आणि ते काही त्यात नव्हतं, पण त्या क्षणी त्याची आठवणही राहिली नाही. जिचा केससुद्धा आमच्याकडे नाही, तिचा अंगठा माझ्यासमोर होता. ती एका दिवशी इथे कुठेतरी आली, कुणीतरी तिचा हात धरून शाईत बुडवला, आणि तो दिवस अजून इथेच होता. मी बाबूंना म्हणाले, "मी हात लावू का?" त्यांनी पोस्टकार्ड बाजूला घेतलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. मी माझा अंगठा त्यावर टेकवला.

नक्कल घेतली, फोटो काढला, बाजारातून आईसाठी संत्री घेतली आणि बसमध्येच सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून दिलं, 'आजी सापडली.' घरी येईपर्यंत हात जोडलेल्या चित्रांचा ढीग पडला होता.

आईनं भिंग काढलं. तेव्हा तिचा डावा डोळा बऱ्यापैकी काम देत होता. मान तिरपी करून, कागद जवळ-लांब करून, तिनं तो अंगठा फार वेळ पाहिला. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. रडेल असं वाटलं होतं, ती रडली नाही.

"चांगला उमटला," ती म्हणाली. कागद घडी न करता तिनं उशाखाली ठेवला आणि संत्रं सोलायला घेतलं. मी मनात म्हटलं, ही अशीच. आयुष्यभर पोरांना शाबासकी मोजूनमापून दिली.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा काटोलला गेले. हाव, दुसरं काय. म्हटलं, मायच्या मृत्यूची नोंदही मिळाली तर तिच्या फाइलमध्ये लावू. बाबूंनी कोतवाल बुक काढलं, पोस्टकार्डानं पानं उचलत गेले आणि एका ओळीवर थांबले. आजोबांचं नाव, 'त्याची बायको', तिचं सासरचं नाव, आजार ताप. मग त्यांनी माझ्या फोनमधला नकलेचा फोटो मागितला, दोन्हींच्या तारखा ताडून पाहिल्या आणि चष्मा कपाळावर चढवला.

"मॅडम, ही आधी मेली. अंगठा दोन वर्षं मागून लावला."

"म्हणजे?"

"म्हणजे मेलेलं माणूस अंगठा कसं लावन?"

मी खुर्चीत बसले. बाबूंना नवल वाटलं नव्हतं. त्यांनी असं पुष्कळदा पाहिलं होतं. आमच्या लोकांत बायकोचं नाव नवऱ्याच्या नावाशी जुळवायचं. नवऱ्याला देवाचं नाव असेल तर बायकोला त्या देवाच्या देवीचं. बायको गेली, दुसरी आणली, तरी नवऱ्याचं नाव तर तेच. मग ताटात पुन्हा तेच तांदूळ, पुन्हा तीच अक्षरं. दोन बायका आणि कागदावर एकच नाव. तो अंगठा मायचा नव्हता, आईला वाढवणाऱ्या बाईचा होता.

लग्नात नाव बदलतात हे मला ठाऊक, माझं स्वतःचं बदललेलं, नावं जुळवून ठेवतात हेही ठाऊक. दोन्हींना एकच नाव पडलं असेल, हे डोक्यात यायला काय हरकत होती? आईच्या तोंडूनही मी लहानपणापासून बाईचं नाव कधी ऐकलं नव्हतं, ती नुसती बाई. परतीच्या बसमध्ये मला इतकी लाज वाटत होती की शेजारच्या बाईनं बोर दिलं तेही घेतलं नाही. गावभर सांगितलं होतं मी. आणि आई रोज उशाखालचा कागद काढून बघत होती. एकेक दिवस नजर कमी होत असताना त्यातली तिनं किती त्या अंगठ्यावर खर्च केली असेल, याचा मला हिशेब लागेना.

घरी गेल्यावर मी चप्पलही काढली नाही. सगळं सांगून टाकलं. म्हटलं, तो मायचा नव्हे, बाईचा आहे, माझी चूक झाली.

आई म्हणाली, "मले माहीत हाये."

"काय माहीत आहे?"

तिनं कागद काढला आणि त्या पांढऱ्या आडव्या रेघेवर बोट ठेवलं. "ज्वारी सोंगताना विळा लागला होता बाईले. मी तवा लहान होती. इतलं रक्त निघालं का मी बोंबलली. भरून आल्यावर अशीच रेघ राह्यली. तोच अंगठा धरून मी शाळेत गेली पह्यल्या दिवशी. मले नाही ओळखू येणार?"

"मग काहून नाही सांगितलं?" मी चिडून बोलले, म्हणून माझ्याही तोंडून आमच्या घरची भाषा निघाली.

"तू इतली खुश होती. आन् बाईचा अंगठा भेटला, ते का कमी होतं?" ती म्हणाली. "मी रोज पाहून राहिली होती तो. तुले वाटलं का मी मायले पाहून राहिली."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिच्या पायाशी बसले आणि ती त्या दिवशी बाईबद्दल बोलत राहिली. किती वर्षांत बोलली नव्हती. बाईनं डोक्याला तेल कसं लावायचं, बाईला अंधाराची भीती कशी वाटायची. आणि बोलता बोलता म्हणाली, "माह्या पह्यल्या दिवशी पाटीबी बाईनंच दिली. मायच्या पेटीत होती. लाकडाच्या चौकटीची. म्हणे, हे तुह्या मायची हाये, मले काही समजत नाही हिच्यातलं."

मी उठून उभी राहिले. "आई, मायकडे पाटी होती?"

"हो नं."

"म्हणजे माय शाळेत गेली होती."

आई मास्तरीण, मी दाखले काढून देणारी. शाळा-कॉलेजच्या रजिस्टरांवर आम्हा दोघींचं पोट भरलेलं. आणि मायला शाळेत शोधावं हे आम्हाला सुचलं नव्हतं, कारण त्या काळातली खेड्यातली बाई म्हणजे अंगठाच, हे आम्ही धरून चाललो होतो. मला तो अंगठा इतका पटकन पटला तोही त्यामुळेच.

आईच्या आजोळचं गाव, म्हणजे मायचं माहेर, काटोलहून पुढे ऑटोनं तासभर. पण तेवढ्यात आईला दोनदा इंजेक्शन द्यावं लागलं, मग शाळांच्या परीक्षा, मग सुट्ट्या. मी गेले तेव्हा जून संपत आला होता, आणि डावा डोळाही बसत चालला होता. शाळेच्या मुख्याध्यापिका तरुण होत्या. मला वाटलं, सोमवारी या म्हणतील. त्यांनी कपाट उघडलं, लाल कापडात बांधलेला गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला. "मॅडम, हा सगळ्यात जुना. मी कधी सोडून पाह्यला नाही. तुम्हीच सोडा."

मी पर्समधून पोस्टकार्ड काढलं. बाबूंनी शेवटच्या फेरीत दिलं होतं.

मायचं नाव ठाऊक नव्हतं, पण तिच्या वडिलांचं होतं, भावाचंही होतं. दाखल-खारीज रजिस्टर म्हणजे कोण शाळेत आलं आणि कोण का गेलं याची नोंद. मी बापाच्या नावाचा रकाना धरून खाली उतरत गेले. सगळी मुलंच. पानामागून पान मुलंच, बोरूनं लिहिलेली, झोकदार. आधी आईचे मामा सापडले. आणखी दोन पानांनंतर तेच बापाचं नाव पुन्हा आलं, आणि त्याच्या आधीच्या रकान्यात एक मुलीचं नाव होतं.

त्या पानावर ती एकटी मुलगी होती. मामांना बहीण एकच, हे आईनं मला बजावून सांगितलं होतं. म्हणजे हीच. मी एकदम पानावर वाकले तशी मुख्याध्यापिकाबाईंनी पाण्याचा ग्लास लांब सरकवला, रजिस्टरावर सांडू नये म्हणून. बरोबरच केलं त्यांनी.

तिच्या नावापुढे लिहिलं होतं, 'सतत गैरहजर, नाव कमी केले.' मला वाटलं, संपलं. पण अर्ध्या पानाखाली तेच नाव पुन्हा. पुन्हा दाखल, त्याच वर्गात. कुणीतरी तिला परत आणलं होतं. बापानं आणलं, का मास्तर घरी गेला, का तीच एकटी चालत येऊन बसली, हे कुठे लिहिलेलं नाही. मला मात्र ती चालत आल्यासारखीच दिसली, पाटी छातीशी धरून. वर्तणुकीच्या रकान्यात 'चांगली'. ती तिसरीपर्यंत गेली होती. आणि मग शेवटच्या रकान्यात, शाळा सोडण्याचे कारण, त्याच झोकदार अक्षरात दोन शब्द: लग्न झाले.

मी आयुष्यभर तो रकाना भरत आले. त्यात काय लिहितो याकडे कधी लक्ष दिलं नाही. तिथे बसून मी रडले, आणि त्या परक्या मुख्याध्यापिकाही माझ्यासोबत रडल्या. आपल्या शाळेत एवढ्या जुन्या काळी मुलगी होती हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या उठून बाहेर गेल्या, चौथीच्या मुलींना बोलावून आणलं आणि ते नाव दाखवलं. मुलींनी ते मोठ्यानं वाचलं. किती वर्षांनी त्या शाळेत त्या नावाची हजेरी झाली असेल. ते नाव मी इथे लिहीत नाही. का, ते शेवटी सांगते.

लेकीनं फोटो मोठा करून, साफ करून, टेबलाएवढ्या कागदावर छापून आणला. आईला खिडकीत बसवलं, भिंग दिलं. तिनं मान इकडून तिरपी केली, तिकडून केली. कागद जवळ नेला. मग भिंग खाली ठेवलं.

"मधात धूर हाये नुसता. कडेकडेचं दिसते. अक्षर काही लागत नाही."

मी तिच्या कानाशी जाऊन नाव सांगितलं. तिनं पुन्हा सांगायला लावलं, मग तिसऱ्यांदा. ओठांतल्या ओठांत स्वतः म्हणून पाहिलं. पाटीचं, गैरहजरीचं, परत येण्याचं, सगळं मी सांगितलं. 'लग्न झाले' ऐकल्यावर तिनं कागदावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "आयकलं मी. पण मी पाहाचं म्हटलं होतं."

मला इतकं हरल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. त्या एका अंगठ्याच्या नादात मी महिने घालवले नसते, तर तिनं ते वाचलं असतं. मी तसं म्हणालेही. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाली, "आपली मोठी परात आण वं. स्टीलची. आन् तांदूळ."

मी परातीत तांदूळ पसरले. तिनं तळहातानं ते सारखे केले, फळा पुसल्यासारखे. मग बोटानं लिहायला सुरुवात केली. वीतभर अक्षरं, वेलांटी-काना जागच्या जागी, तळाचं स्टील चमकेल इतकी खोल. शाळेत मागच्या पोरांनाही दिसावं म्हणून ती फळ्यावर अशीच मोठी लिहायची. लिहून झालं तशी ती मागे सरली, तोंड बाजूला फिरवलं, आणि डोळ्याच्या कडेनं परातीकडे पाहिलं. खिडकीतलं ऊन परातीवर पडलं होतं.

"दिसते," ती म्हणाली.

ती तशीच, मान फिरवून, कितीतरी वेळ पाहत राहिली. ज्या रीतीनं तांदळातून ते नाव पुसलं होतं, त्याच तांदळात ते परत आलं होतं, आणि ते आणणारी मायचीच लेक होती. मी हात जोडले. कुणाला ते मला सांगता येणार नाही.

मग माझ्या लक्षात आलं, की तिनं नाव परातीच्या वरच्या अर्ध्यातच लिहिलं आहे. खाली जागा सोडली आहे. अंदाज चुकला असेल असं वाटून मी म्हटलं, "आई, मधोमध लिहायचं होतं."

"तिथं बाईची जागा हाये," ती म्हणाली. तिनं परात चाचपली, मोकळ्या जागी आपला अंगठा दाबला आणि नखानं त्यावर एक आडवी रेघ ओढली. "तिचंबी माहेरचं नाव असनच नं काही. सारी जिंदगी मायचं, मायचं करत राहिली. तिचं मी कधी इचारलंच नाही. जवळ होती तं."

म्हणून मायचं नाव इथे नाही. आईनं मला बजावलं आहे, लिहिशील तर दोघींचं लिहिजो, एकीचं नाही.